छापलेला निकाल, न छापलेला निकाल

सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र हाती घेतले की पहिल्या पानाच्या वरच्या भागात एक इंग्रजी शब्द दिसतो. ‘रिपोर्टेबल’ किंवा ‘नॉन-रिपोर्टेबल’. पक्षकाराचे तिकडे लक्ष नसते. तो थेट शेवटचे पान उलटतो, कारण त्याला फक्त जिंकलो की हरलो एवढेच पाहायचे असते. वकील मात्र आधी तो शब्द पाहतो. हा निकाल उद्या दुसऱ्याच्या दाव्यात उपयोगी पडेल का, याचा पहिला अंदाज तिथेच येतो.

मी राहतो बेल्ह्याला आणि दिवाणी वकिली करतो जुन्नरला. आमच्याकडचा दावा जुन्नरच्या कनिष्ठ स्तर न्यायालयात सुरू होतो, पहिले अपील खेड-राजगुरुनगरला जाते आणि दुसरे अपील मुंबईला, उच्च न्यायालयाच्या अपील शाखेकडे. या तीन मुक्कामांत माणसाची वीस-पंचवीस वर्षे जातात. शेवटच्या मुक्कामी जो कागद मिळतो त्याचे काय होते, तो कुठे छापला जातो, कोण वाचतो, आणि छापला नाही तर त्याचे मोल कमी होते का, हे प्रश्न मी बरीच वर्षे बाळगून आहे. कायद्याच्या पुस्तकांत त्यांची उत्तरे तुकड्यातुकड्यांनी मिळतात. ते तुकडे इथे एकत्र ठेवून पाहतो.

आधी एक छापलेला निकाल घेऊ, जो बेल्ह्यात कायद्याचे पुस्तक कधी न उघडलेल्या माणसालाही ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी ‘अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड विरुद्ध ए. नागराजा’ या प्रकरणात तामिळनाडूचा जल्लिकट्टू बंद केला आणि त्याच निकालात तामिळनाडू, महाराष्ट्र किंवा देशात अन्यत्र बैलगाड्यांच्या शर्यतींसाठी बैल वापरता येणार नाहीत, असेही सांगितले. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकीचंद्र घोष यांचे हे निकालपत्र. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातले घाट त्या दिवसापासून कायद्याने बंद झाले. आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, बैलगाडा पळतो ती चढाची धाव. सोमवारच्या बेल्ह्याच्या बाजारात बैल पाहणारा माणूस त्यानंतर ‘कोर्टाची ऑर्डर’ हा शब्द हवापाण्याइतक्या सहजतेने वापरू लागला. पुढे २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, तिच्यावर उच्च न्यायालयाची स्थगिती आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. ही सगळी वळणे लोकांना तारखांसकट पाठ आहेत.

या निकालाच्या शीर्षकात बेल्ह्याचा माणूस नाही. तरी तो बेल्ह्याला लागू झाला, कारण राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. आता त्या कलमाचे शब्द नीट वाचावेत. ‘रिपोर्टेबल’ असा शब्द त्यात कुठेच नाही. न्यायालयाने सांगितलेला कायदा बंधनकारक आहे. तो छापलेला असला पाहिजे अशी अट घातलेली नाही. मग तो पहिल्या पानावरचा शिक्का कोणासाठी? मुळात तो संपादकासाठी आहे. १९५० पासून निघणाऱ्या ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ या अधिकृत खंडमालेत हा निकाल घ्यायचा की नाही, एवढी ती सूचना. पण व्यवहारात या सूचनेचे वजन इतके वाढले की नॉन-रिपोर्टेबल निकाल म्हणजे दुय्यम निकाल, असा समज आमच्या बाररूममध्येही घट्ट बसला आहे.

हा समज कुठून आला हे पाहायला थोडे मागे जावे लागते.

मराठेशाहीत गोतसभेचा निवाडा महजरात लिहिला जाई. कोण हजर होते, कोणत्या गावचे पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार, कोणी काय साक्ष दिली, आणि निवाडा काय झाला, हे सगळे त्याच कागदात. लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी. जिंकणाऱ्याच्या घरी तो कागद पिढ्यान्‌पिढ्या राही. पुढे राजवाड्यांनी आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने असे कागद छापले आणि वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली त्यांच्या आधारे मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा ते वाचकांपुढे आले. महजर छापलेला नसे, तरी तो गुप्तही नसे. तो चारचौघांत ठरे, आणि ते चौघे कोण याची यादी त्याच कागदावर असे. निवाडा ज्यांच्यावर लागू व्हायचा त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या देखत तो लिहिला जाई, ही गोष्ट पुढच्या मजकुरासाठी ध्यानात ठेवावी. त्या व्यवस्थेला जातीचा आणि वतनाचा जो पाया होता, तो मात्र मला हवासा वाटत नाही.

कंपनी सरकारच्या काळात हॅरी बोराडेल याने मुंबई इलाख्याच्या सदर अदालतीचे १८०० ते १८२४ या काळातले दिवाणी निकाल संकलित करून छापले. त्याहून विलक्षण पुस्तक १८६७ साली आले. रेमंड वेस्ट हा न्यायाधीश आणि योहान गेओर्ग ब्यूलर हा संस्कृत पंडित, या दोघांनी इलाख्यातल्या निरनिराळ्या न्यायालयांत नेमलेल्या शास्त्र्यांनी वारसा-वाटपाच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे जमवून त्यांचा इंग्रजी संग्रह केला. शास्त्र्यांची पदे १८६४ सालीच रद्द झाली होती, म्हणजे पुस्तक आले तेव्हा उत्तर देणारे पदावर नव्हते. मांडणी अशी की आधी प्रश्न, मग शास्त्र्याचे उत्तर, त्याने दिलेले आधार, आणि शेवटी संपादकांचा शेरा. हा शेरा कित्येकदा शास्त्र्याचे म्हणणे चूक ठरवतो. पुढच्या न्यायाधीशांनी वापरला तो मुख्यत्वे शेरा. मूळ प्रश्न विचारणारी विधवा किंवा दत्तक मुलगा, त्यांच्या घरात पुढे काय झाले, याचा पुस्तकात पत्ता नाही. छापण्यासाठी निवड केली की निकालातला माणूस गळतो आणि तत्त्व उरते, याचा आपल्याकडचा हा पहिला ठळक नमुना आहे.

मुंबई उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. ‘बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स’चे बारा खंड १८७५ पर्यंतचे निकाल देतात. त्या वर्षी ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स अ‍ॅक्ट’ झाला आणि १८७६ पासून कलकत्ता, मद्रास, मुंबई, अलाहाबाद अशा चार अधिकृत मालिका निघू लागल्या. या छोट्या कायद्याचे तिसरे कलम म्हणते, सरकारच्या अधिकाराने छापलेल्या वृत्तांताखेरीज दुसरा कोणताही वृत्तांत ऐकून घेण्यास किंवा बंधनकारक मानण्यास न्यायालय बांधील नाही. चौथे कलम म्हणते, या कायद्यामुळे कोणत्याही निकालाला आधी होते त्याहून अधिक किंवा वेगळे वजन मिळते असे समजू नये. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली की कायदा करणाऱ्यांची अडचण दिसते. निकालाचे बळ निकालातच असते, छपाईत नसते, हे त्यांना मान्य होते. पण बाजारात कोणीही काहीही छापून कोर्टात आणू लागला तर न्यायाधीशाने कशाकशावर विश्वास ठेवायचा? म्हणून कलम वृत्तांताबद्दल बोलते, निकालाबद्दल नाही. सही-शिक्क्याची नक्कल आणली तर हे कलम आडवे येत नाही. आमच्यातल्या बऱ्याच वकिलांना हा फरक आजही सांगावा लागतो.

त्यात मुंबईचे आणखी एक वैशिष्ट्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उच्च न्यायालयाचे बरेच निकाल छापले जात, पण अधिकृत मालिकेत घेतले जात नसत. त्यांना ‘प्रिंटेड जजमेंट्स’ म्हणत, आणि जुन्या खंडांत ‘पी. जे.’ अशा दोन अक्षरांनी व वर्षाने त्यांचा उल्लेख येतो. म्हणजे रिपोर्ट झालेला, नुसता छापलेला आणि न छापलेला असे निकालांचे तीन थर होते. मधला थर उच्च न्यायालयाच्या आसपास वावरणाऱ्यांना माहीत असे. तालुक्याच्या वकिलाला तो कुठून मिळणार? समोरच्याने ‘पी. जे.’ काढला की मान डोलावण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसे. ज्ञानाची उतरंड कशी असते हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

१८९९ साली ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू झाले. रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर ही जोडी त्यामागची. दंडसंहितेवरच्या त्यांच्या टीकेमुळे ही नावे आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असतात. खासगी मालिका असूनही न्यायालयांनी ती ऐकली, वापरली, आणि तिसरे कलम कागदावर राहिले. पुढे नागपूरहून व्ही. व्ही. चितळे यांचे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ निघाले, मग ‘महाराष्ट्र लॉ जर्नल’, आणि आता तर दर महिन्याला कपाट भरेल इतकी नियतकालिके आहेत. पण माझ्या दृष्टीने रतनलालांचे सर्वांत मोलाचे काम दुसरेच आहे. १८६२ ते १८९८ या काळातले, कोणत्याही मालिकेत न आलेले मुंबई उच्च न्यायालयाचे फौजदारी निकाल त्यांनी ‘अनरिपोर्टेड क्रिमिनल केसेस’ या नावाने एका ग्रंथात छापले. नावातच विसंगती आहे; छापल्यावर ते न छापलेले कसे राहतील? पण नाव टिकले. टीकाग्रंथांच्या तळटीपांत आजही ‘अनरिप. क्रि. केसेस’ असा संक्षेप दिसतो.

हा ग्रंथ वाचताना अधिकृत मालिकेपेक्षा निराळी हवा लागते. तिथे तीस-तीस पानांची चर्चा, इथे काही ओळी. बहुतेक प्रकरणे जिल्ह्यातल्या मॅजिस्ट्रेटांच्या हुकमांची तपासणी. दंड कमी केला, शिक्षा रद्द केली, हे कलम लागू होत नाही, असे सरळ आदेश. शैलीचा लोभ नाही. समीक्षक म्हणून मला ही छोटी टिपणे मोठ्या निकालांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतात. न्यायाधीश इथे पुढच्या पिढीकडे पाहून लिहीत नाही, समोरच्या मॅजिस्ट्रेटाला सांगतो आहे की तू इथे चुकलास आणि का चुकलास. दोन ओळींत का होईना, ‘का’ सांगितलेले असते. या दोन ओळींकडे मला पुढे परत यायचे आहे.

छापल्याने काय होते, याचे उलट टोकाचे उदाहरण म्हणजे लोकमान्यांवरचे खटले. १८९७चा खटला अधिकृत मालिकेच्या बाविसाव्या खंडात आहे, १९०८चा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या दहाव्या खंडात, १९१६चा एकोणिसाव्या खंडात. १८९७ साली न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगताना ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला. ते ज्युरीपुढचे विवेचन होते. पण ते खंडात छापले गेले आणि राजद्रोहाच्या पुढच्या खटल्यांत सरकारी वकिलांच्या हाती आयते सापडले. १९१६ साली न्यायमूर्ती बॅचलर आणि शाह यांनी टिळकांच्या बाजूने निकाल दिला, तोही छापला गेला म्हणूनच पुढे बचावाच्या वकिलांना उपयोगी पडला. दोन्ही बाजूंना हत्यार छापखान्यानेच पुरवले.

आता निवडीकडे येऊ, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. जुन्नर तालुक्यातल्या माणसाचे वाद कोणते? बांधाचा, वहिवाटीच्या रस्त्याचा, विहिरीतल्या हिश्शाचा, पाटाच्या पाण्याच्या पाळीचा. बहिणीचे हक्कसोडपत्र खरे की खोटे, १ एप्रिल १९५७ला जमीन कोण कसत होते, १९४७च्या कायद्याखाली झालेल्या गटवारीत गट नंबर चुकला की काय, हे. धरणाचे पाणी आल्यावर ऊस आणि कांद्याखाली गेलेल्या रानात बांधाची एक फूट पट्टीसुद्धा आता वाद घालण्याजोगी झाली आहे. या वादांपैकी रस्त्याचे तहसीलदारापुढे जातात, तिथून मंचरला प्रांतांकडे. कुळांचे महसूल न्यायाधिकरणाकडे. बाकीचे दिवाणी कोर्टात. मी गेल्या तीन दशकांत छापील मालिकांत या विषयांवरचे निकाल शोधत आलो आहे. मिळतात ते बहुतेक मुदतीच्या, अधिकारितेच्या किंवा कलमाच्या अन्वयार्थाच्या प्रश्नावरचे. बांध नेमका कसा मोजावा, मोजणीदाराच्या दोन नकाशांत फरक पडला तर कोणता धरावा, वहिवाट सिद्ध करायला शेजाऱ्याची साक्ष कितपत पुरते, हे रोजचे प्रश्न उच्च न्यायालयापुढे शेकडो वेळा गेले असतील. पण त्यांची उत्तरे ‘यात नवे तत्त्व नाही’ म्हणून मालिकेबाहेर राहतात.

तत्त्व नवे नाही हे मान्य. पण सामान्य माणसाला नवे तत्त्व नकोच असते. त्याला जुने तत्त्व आपल्यासारख्याच्या बाबतीत कसे लावले गेले हे पाहायचे असते. छापील मालिका वाचून जो कायदा समजतो तो कंपन्यांचा, करांचा, नोकरीच्या बढतीचा आणि भाडेकरूंचा कायदा आहे. बांधावरचा कायदा न छापलेल्या कागदांत आहे.

संपादकांची बाजू मला समजते. सगळेच छापले तर वाचणार कोण? हा प्रश्न सगळीकडे पडला आहे. इंग्लंडमध्ये १९८३ साली लॉर्ड डिप्लॉक यांनी ‘रॉबर्ट्स पेट्रोलियम’ प्रकरणात बजावले की अपील न्यायालयाचे न छापलेले निकाल ऊठसूट पुढे करू नयेत. अमेरिकेत १९६४ साली संघीय न्यायाधीशांच्या परिषदेने शिफारस केली की ज्यांना पूर्वनिर्णय म्हणून सर्वसाधारण मोल आहे तेवढेच निकाल छापावेत. पुढच्या दशकात तिथल्या अपील न्यायालयांनी नियम केले आणि न छापलेल्या निकालांचा हवाला देण्यावर अनेक ठिकाणी बंदी आली. २००० साली आठव्या सर्किटचे न्यायाधीश रिचर्ड आर्नल्ड यांनी ‘अ‍ॅनास्टासॉफ’ प्रकरणात ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली. न्यायालय आपल्याच निकालाला ‘हा मोजू नका’ म्हणू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षाच्या अखेरीस तो निकाल रद्द झाला. लगेच पुढच्या वर्षी नवव्या सर्किटने उलट बाजू मांडली, की पूर्वनिर्णय लिहायला वेळ आणि काळजी लागते आणि प्रत्येक प्रकरणात ती परवडत नाही. अखेर २००६ साली नियम आला की २००७ पासूनचे न छापलेले निकाल दाखवायला बंदी घालता येणार नाही. त्यांना किती वजन द्यायचे ते न्यायालयाने ठरवावे. गंमत अशी की २००१ ते २०२१ या काळात तिथे ‘फेडरल अपेंडिक्स’ नावाची मालिका निघत होती, ‘अनपब्लिश्ड’ निकालांचे जाडजूड खंड. रतनलालांनी हेच शंभर वर्षे आधी केले होते.

अमेरिकेतल्या वादात एक गृहीत आहे, की न छापलेला निकालही बहुधा निकालच असतो, कारणांसकट. आपल्याकडे खरी मेख इथे आहे. छापले की नाही छापले, हा दुसरा प्रश्न झाला. कारणे लिहिली का, हा पहिला.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा ४१ वा आदेश पाहा. त्यातला ३१ वा नियम सांगतो की अपील न्यायालयाच्या निकालपत्रात मुद्दे, त्यावरचे निर्णय आणि त्या निर्णयांची कारणे असली पाहिजेत. पण ११ वा नियम अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळण्याची मुभा देतो आणि त्याच्या चौथ्या पोटनियमात म्हटले आहे की उच्च न्यायालयाव्यतिरिक्त इतर अपील न्यायालयाने असे फेटाळताना थोडक्यात कारणे नोंदवून निकालपत्र द्यावे. ‘उच्च न्यायालयाव्यतिरिक्त’ हे शब्द पुन्हा वाचा. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३८४ तसेच होते. संक्षेपाने अपील फेटाळताना सत्र न्यायालयाने कारणे नोंदवावीत असे ते सांगत असे, उच्च न्यायालयाचे नाव तिथे नव्हते. राजगुरुनगरच्या न्यायाधीशाला कारण लिहावेच लागते. मुंबईत ते न लिहिण्याची जागा कायद्यानेच सोडली आहे.

या जागेवरून सर्वोच्च न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालय यांच्यात एक दीर्घ संवाद झाला आहे, आणि तो छापलेला आहे. १९५३ साली ‘मुश्ताक हुसेन विरुद्ध मुंबई राज्य’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोपीच्या अपिलात विचार करण्याजोगे मुद्दे असतील तर ते संक्षेपाने फेटाळणे योग्य नाही. १९७० साली ‘गोविंदा कडतुजी कदम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ प्रकरणात तेच पुन्हा सांगावे लागले. त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातून गेलेल्या अपिलांत ही सूचना वारंवार आली. तक्रार व्यवहाराची होती. उच्च न्यायालयाने काय विचार केला हे कळल्याशिवाय वरच्या न्यायालयाने तपासायचे काय? ज्या आदेशांवर ही टीका झाली त्यांत बऱ्याचदा ‘डिसमिस्ड’ या शब्दापलीकडे काही नसे. असे आदेश कोणत्या मालिकेने छापले असते? त्यांत छापण्यासारखे होते काय? ते आपल्यापर्यंत पोहोचले, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या छापील निकालात त्यांचा उल्लेख आला. जे कैदी दिल्लीपर्यंत जाऊ शकले नाहीत त्यांचे आदेश जिथल्या तिथे राहिले.

हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या दारातही घडते. विशेष अनुमती याचिका कारणांविना फेटाळली तर खालचा निकाल वरच्यात विलीन होत नाही आणि कलम १४१खाली कोणताही कायदा सांगितला असे होत नाही, हे २००० सालच्या ‘कुन्हयाम्मेद विरुद्ध केरळ राज्य’ या निकालाने स्पष्ट केले. म्हणजे कारण नसेल तर निकालाचे पूर्वनिर्णय म्हणून मोल शून्य, हे न्यायालयालाच मान्य आहे. मग पक्षकाराच्या दृष्टीने त्याचे मोल काय, हा प्रश्न तिथे विचारला गेला नाही, कारण तो त्या प्रकरणात नव्हता.

दुसऱ्या अपिलाचे दुखणे याहून बारीक आहे. १९७६च्या दुरुस्तीनंतर कलम १०० प्रमाणे ‘सबस्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ’, म्हणजे कायद्याचा सारभूत प्रश्न असेल तरच दुसरे अपील चालते. नसेल तर दाखल टप्प्यावरच संपते. असे कित्येक आदेश मी पक्षकारांना समजावून सांगितले आहेत. साचा ठरलेला असतो. दोन्ही खालच्या न्यायालयांनी पुराव्याचा विचार केला आहे, निष्कर्ष एकमुखी आहेत, सारभूत प्रश्न उद्भवत नाही, अपील फेटाळले. कायद्याने हे चूक नाही. काही न्यायमूर्ती त्याच दोन पानांत वहिवाटीचा पुरावा का पुरला नाही हे स्वच्छ लिहितात, आणि ते वाचून हरलेला माणूस गप्प बसतो. समाधानाने नव्हे, पण आपले ऐकले गेले एवढे त्याला कळते. काही आदेशांत नावे आणि गट नंबर बदलले तर तोच मजकूर दुसऱ्या कोणत्याही अपिलाला चालेल. मला वाटते निकालपत्राच्या समीक्षेची कसोटी ही असावी, की यातला गट नंबर पुसला तर हा निकाल कोणाचा हे ओळखता येते का? रतनलालांच्या ग्रंथातली दोन-दोन ओळींची टिपणे या कसोटीला उतरतात. कित्येक पाने भरलेले आजचे आदेश उतरत नाहीत.

गेल्या काही वर्षांत छापलेला आणि न छापलेला हा भेद मात्र झपाट्याने विरघळला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आणि आदेश संकेतस्थळावर फुकट मिळतात. २०२३ पासून प्रत्येकाला तटस्थ क्रमांक मिळतो, वर्ष, मग ‘बीएचसी’, मग अपील शाखेसाठी ‘एएस’, मग आकडा. शर्यतीच्या घटनापीठाच्या निकालाला जसा दिल्लीचा क्रमांक आहे, तसा बेल्ह्याच्या बांधाच्या अपिलालाही मुंबईचा आहे. १२ डिसेंबर २००७ रोजी ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा. प्रकाशकाने स्वतःच्या अकलेने लिहिलेली हेडनोट आणि मजकुराची केलेली विशिष्ट मांडणी तेवढी त्याची. या निकालामुळे कायद्याच्या छापील मालिकांचे खरे विकाऊ अंग उघडे पडले. वकील पैसे देत होता ते हेडनोटसाठी आणि निवडीसाठी.

आणि आता निवडच उरली नाही, याचा त्रास मी रोज पाहतो. तरुण वकील संगणकावर ‘वहिवाट’ आणि ‘मनाई’ यांचे इंग्रजी शब्द टाकतो आणि दहा आदेश छापून आणतो. त्यातले चार त्याच्या विरोधात असतात, तीन दाखल टप्प्यावरचे, ज्यांत कोणताही मुद्दा ठरलेलाच नाही. समोरचा दहा दुसरे आणतो. जुन्नरच्या न्यायाधीशांनी वीस आदेश वाचायचे. डिप्लॉक यांना याचीच धास्ती होती. तरीही मी परत जुन्या दिवसांत जायला तयार नाही. ‘पी. जे.’च्या काळात न मिळणारा कागद आज बेल्ह्याच्या एसटी स्टँडवर मोबाइलवर उघडतो, ही छोटी गोष्ट नाही.

उघडतो, पण कोणत्या भाषेत? खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. राज्याची २१ जुलै १९९८ची अधिसूचना त्यासाठीच आहे. जुन्नरचे निकालपत्र माझा अशील स्वतः वाचू शकतो. उच्च न्यायालयाचे मात्र कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३च्या प्रारंभी ‘ई-एससीआर’ हा संगणकीय संग्रह खुला केला आणि त्यात प्रादेशिक भाषांतरेही ठेवायला सुरुवात केली, मराठीसुद्धा. पण तो संग्रह मुळात अधिकृत मालिकेचा आहे, म्हणजे रिपोर्टेबल निकालांचा. भाषांतर करायलाही पुन्हा तोच जुना शिक्का निवड करतो. शर्यतीसारख्या निकालाची बातमी तर वर्तमानपत्रे मराठीत देतातच; बांधाच्या अपिलाचा आदेश देत नाहीत. ज्याची मराठी प्रत सर्वांत जास्त गरजेची, तोच कागद भाषांतराच्या यादीत सर्वांत शेवटी.

हे बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. दाखल टप्प्यावर फेटाळलेल्या दुसऱ्या अपिलाचा आदेश दोन-तीन पानांचाच असतो. यंत्राने केलेले भाषांतर मराठी जाणणाऱ्या कर्मचाऱ्याने तपासून, ‘माहितीसाठी’ असा शिक्का मारून नकलेबरोबर देता येईल. कायदेशीर प्रत इंग्रजीच राहील. भाषांतर करायला बसलेल्या माणसाला मूळ आदेशात कारण सापडले नाही, तर तेही त्याच वेळी कळेल.

तोवर माझ्या अशिलांना मी एवढेच सांगतो, की निकाल लागल्यावर संकेतस्थळावरच्या प्रतीवर थांबू नका, सही-शिक्क्याची नक्कल काढा. ती सातबारा आणि फेरफाराच्या फायलीत ठेवा. नॉन-रिपोर्टेबल असली तरी शेजाऱ्याचा नातू उद्या तोच बांध उकरायला आला, की तहसीलदारापुढे आणि कोर्टात तुमच्या हाती तोच एक कागद असणार आहे.